फक्त मायग्रेनवर दिव्यांग प्रमाणपत्र आणि निराधारचा पगार मिळतो का? (जि. यवतमाळ)

वावरकर

नमस्कार मंडळी. मोठ्या बहिणीसाठी विचारत आहे. वय ३६, राहणार घाटंजी तालुका. भाऊजी हंगामात जिनिंगमध्ये कामाला, बाकी दोन एकर कोरडवाहू वावर. ताईचं डोकं चार वर्षांपासून दुखते. आता महिन्यातले पंधरा-अठरा दिवस जातात. उलट्या होतात, उजेड सहन होत नाही, दार लावून पडून राहते. वेचणीची आणि निंदणाची रोजी बुडते ती वेगळीच. यवतमाळच्या मेडिकलमध्ये सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि कार्डावर 'क्रॉनिक मायग्रेन' असं लिहून दिलं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या आजारावर दिव्यांगचं सर्टिफिकेट निघते का? एक जण म्हणतो, 'पंधरा हजार द्या, चाळीस टक्क्याचं करून देतो, पगार चालू होऊन जाईल', हे खरं धरायचं का? आणि यूट्यूबवर एका बाईने मायग्रेनवर सरकारी पैसे मिळतात असं सांगितलं आहे, ते आपल्याकडे लागू आहे का? ताईला लाडकी बहीणचे १५०० येतात. ती विधवा किंवा परित्यक्ता नाही.

सेतूवाला

भाऊ, आजच्या घडीला नुसत्या मायग्रेनवर दिव्यांग प्रमाणपत्र निघत नाही. टक्के कमी भरतात म्हणून नव्हे, तर बोर्डाकडे (दिव्यांगत्व तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांच्या मंडळाकडे) या आजाराचा रकानाच नाही म्हणून. दलाल लोकांना इथंच फसवतो. तो सांगतो, 'टक्क्याचं मी पाहून घेतो', आणि माणसाला वाटते की अडचण टक्क्याची आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत. मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावं आहेत, मायग्रेनचं नाही. मिरगीसुद्धा या २१ मध्ये स्वतंत्र नाही, यावरून अंदाज घ्या. टक्केवारी काढायची जी पद्धत केंद्राने ठरवून दिली आहे, तिच्यात डॉक्टर हातापायातली ताकद, तोल, बोलणं, नजर, ऐकू येणं असं जे कायम उरलेलं असते ते मोजतात. मायग्रेनचा माणूस दोन अटॅकच्या मधल्या दिवशी बोर्डासमोर उभा राहिला तर हे सगळं ठीकच निघते. महिन्यातले किती दिवस वाया गेले ते मोजायची सोय त्या पद्धतीत नाही. दुखणं खरं असूनही कागद कोरा राहतो तो याच्यामुळे.

व्हिडिओ बहुतेक अमेरिकेचा असेल. तिथल्या सोशल सिक्युरिटी खात्याने २०१९ मध्ये 'एसएसआर १९-४पी' नावाचा निर्णय काढला. त्यात डोकेदुखीच्या आजाराची तुलना मिरगीच्या निकषाशी (त्यांच्या यादीतला ११.०२) करून पाहायची मुभा दिली आहे. नियमाने औषध घेऊनही सलग तीन महिने आठवड्यातून एकदा तरी झटका येतो का, असलं ते पाहतात. तिकडेही नुसत्या 'मायग्रेन आहे' या चिठ्ठीवर पैसे मिळत नाहीत. आपल्याकडच्या कायद्याशी त्याचा काहीच संबंध नाही.

आता पंधरा हजारांचा हिशोब. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र असलं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत असलं, तर संजय गांधी निराधारमधून दिव्यांगाला महिन्याला २५०० मिळतात. ऑक्टोबर २०२५ पासून ती रक्कम १५०० ची २५०० झाली. पण दुसऱ्या योजनेतून १५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण बंद होते. म्हणजे ताईच्या हाती वाढीव पडतील फक्त १०००. दलालाचे पैसे निघायलाच पंधरा महिने लागतील, आणि मधे पडताळणी झाली की सगळंच अंगावर येईल. खोटेपणाने दिव्यांगाचा लाभ घेणं हा याच कायद्याच्या कलम ९१ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्जावर सही ताईची असेल, दलालाची नाही.

न्यूरो ओपीडी

कागदाचं वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. मी उपचाराचं सांगते, कारण ताईंच्या बाबतीत जास्त फायदा तिथूनच होण्यासारखा आहे.

क्रॉनिक मायग्रेन म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ, दर महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणं, आणि त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनच्या लक्षणांचे. ताई या व्याख्येत बसतात. पण अशा रुग्णाला पहिला प्रश्न असतो तो गोळ्यांचा. किराणा दुकानातून किंवा मेडिकल स्टोअरमधून आणलेली डोकेदुखीची गोळी महिन्यातून किती दिवस घेता? साधी पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेनसारखी गोळी महिन्याला १५ दिवस, आणि कॅफिन घातलेली मिश्र गोळी, अर्गोटामाइन किंवा ट्रिप्टान महिन्याला १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीनेच डोकं दुखायला लागते. खेड्यात हे फार दिसते. सकाळी उठल्याबरोबर दुखते, गोळी घेतली की तीन-चार तास बरं वाटते, परत दुखते, परत गोळी. ही साखळी तुटल्याशिवाय दुसरं औषध नीट लागू पडत नाही. गोळ्या बंद केल्यावर पहिले काही दिवस दुखणं वाढते. बहुतेक जण तिथंच हार मानतात, म्हणून हे डॉक्टरांना सांगून, ठरवून करायचं.

दुसरं म्हणजे, रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध कधी सुरू झालं होतं का? प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट ही त्यातली नेहमीची. पूर्ण मात्रेवर आल्यावर आठ ते बारा आठवडे दिल्याशिवाय 'लागू पडलं नाही' असं म्हणता येत नाही. लोक पंधरा दिवसांत सोडून देतात. दम्याचा त्रास असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. अमिट्रिप्टिलिनने झोप येते आणि तोंड कोरडं पडते, म्हणून ते रात्री, थोड्या मात्रेपासून. फ्लुनारिझिनने वजन वाढते आणि मन उदास होऊ शकते. टोपिरामेटने हातापायाला मुंग्या येतात, मूतखड्याचा धोका असतो, उन्हाळ्यात पाणी जास्त प्यावं लागते. ते आणि व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहेत. ताई ३६ च्या आहेत, तेव्हा दिवस जाण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

एक गोष्ट कोणी विचारत नाही, ती मुद्दाम लिहिते. आशाताईंकडून मिळणारी माला-एन ताई घेतात का? डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा, चमक किंवा अर्धं दिसेनासं होणं असं होत असेल, तर इस्ट्रोजेन असलेली ही गोळी घेऊ नये. पक्षाघाताचा धोका वाढतो. आशाताईंकडेच छाया नावाची दुसरी गोळी असते. तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. बदल करताना उपकेंद्रात विचारून घ्या.

अचानक आयुष्यातलं सगळ्यात जोराचं दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, तापासोबत मान ताठ होणं, बोलणं अडखळणं, यातलं काही झालं तर मायग्रेन समजून घरी झोपवू नका, दवाखान्यात न्या. आणि फवारणीच्या हंगामातली गोष्ट: फवारून आल्यावर डोकं दुखून मळमळ, लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या असं दिसलं तर ती विषबाधा असू शकते. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. त्या दिवशी औषधाचा डबा सोबत घेऊन जा, म्हणजे डॉक्टरला कोणतं विष ते कळते.

आर्णीवाला

मायं मत थोडं वेगळं हाय. रकाना नाही म्हणून अर्जच कराचा नाही, हे पटत नाही. कायद्यात पार्किन्सन आन् स्क्लेरोसिस ही उदाहरणं म्हणून दिली हायेत, यादी तिथं संपली असं लिहिलेलं नाही. दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्जाले पैसे लागत नाहीत. अर्ज टाका, बोर्डाले नाकारू द्या. नाकारलं तं कारण लेखी द्याव लागते, आन् त्यावर कलम ५९ खाली अपील करता येते. माणसं अर्जच करत नाहीत तं सरकारले कसं समजन की असे पेशंट किती हायेत?

सेतूवाला

भाऊंचा मुद्दा कायद्याने चुकीचा नाही. अनुसूचीच्या शेवटच्या कलमात केंद्र सरकार आणखी प्रकार जोडू शकते असंही आहे. पण अपिलातही मोजायची पद्धत तीच राहते, म्हणून निकाल बदलेल अशी आशा मी ताईला दाखवणार नाही. यवतमाळच्या प्रत्येक खेपेला बसभाडं आणि बुडालेली रोजी जाते. मागणीच करायची असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे निवेदन टपालाने जाते, त्याला खेप लागत नाही. डोकं कोणत्या दिवशी किती दुखलं याची नोंदवही ठेवून तिची झेरॉक्स निवेदनाला जोडा.

अर्ज करायचाच असेल तर एवढं पाहा. जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त ऑनलाइन निघते, यूडीआयडी (दिव्यांग ओळख) क्रमांकासह. तो क्रमांक १८ अक्षरी असतो. हातानं लिहून शिक्का मारलेला नवा कागद कोणी आणून दिला तर तो खोटा समजा. कार्डाचा रंग पांढरा म्हणजे ४० च्या खाली, पिवळा म्हणजे ४० ते ७९, निळा म्हणजे ८० किंवा जास्त. पांढऱ्या कार्डावर पगार मिळत नाही. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता अर्जाशी जुळलं पाहिजे. लग्नानंतरचं नाव आधारला एक आणि दवाखान्याच्या कार्डावर दुसरं, यातच अर्धे अर्ज अडकतात.

आणि ताईला खरोखर दुसरं काही आहे का ते तपासा. मी कुठला आजार जोडायला सांगत नाही. आपल्या भागात तपासणीच न झालेली माणसं फार आहेत. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) २१ मध्ये आहे आणि विदर्भात तो पुष्कळ आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी टेस्ट होते, ती पॉझिटिव्ह आली की पुढची तपासणी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. 'एसएस' असेल तर रुग्ण, 'एएस' असेल तर वाहक. वाहकाला लाभ नाही. सिकलसेल रुग्णाचं डोकं सारखं दुखत असेल तर त्याची वेगळी तपासणी लागते, हे डॉक्टरताई जास्त चांगलं सांगतील.

न्यूरो ओपीडी

हो, सिकलसेलच्या रुग्णात मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात, पक्षाघाताचा धोका असतो. 'एसएस' निघालं तर मायग्रेनचं निदान परत तपासावं लागेल.

दुसरं राहतं ते मनाचं. इतकी वर्षं दुखणं काढणाऱ्या बऱ्याच बायांना नैराश्य येते, आणि ते कोणी विचारत नाही. झोप नाही, कशात मन नाही, जगू नये असं वाटते, असं असेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात दाखवा. ते उपचारासाठी, प्रमाणपत्रासाठी नाही. मानसिक आजार २१ मध्ये येतो. त्याची मोजणी 'आयडियाज' नावाच्या पट्टीवर होते: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला ० ते ४ गुण, आजार किती वर्षांचा त्याचे गुण वेगळे. एकूण ७ किंवा जास्त झालं की ४० टक्के किंवा वर. पण तिथं मनोविकारतज्ज्ञाकडचे जुने कागद आणि चालू उपचार पाहतात. डोकेदुखी दाखवायला जाऊन ऐनवेळी हे सांगितलं तर बोर्ड मानत नाही, आणि मानूही नये.

वावरकर

दोघांचेही आभार. दलालाला नाही म्हणून कळवतो. गोळ्यांचं विचारलं: ताई मिश्र गोळीच घेते, दुकानातून आणून, जवळपास रोज. माला-एन पण चालू आहे असं म्हणते. डोळ्यांपुढे चमकते का ते विचारून सांगतो. नोंदवही कशी ठेवायची? आणि यवतमाळला परत न जाता काही होते का?

न्यूरो ओपीडी

रोज मिश्र गोळी म्हणजे दुखण्याचा मोठा भाग गोळीचाच असण्याची शक्यता आहे. ही आशेची गोष्ट समजा, कारण यावर इलाज आहे.

नोंदवहीला शाळेची वही पुरते. एका ओळीत एक दिवस. तारीख, किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, जोर ० ते १० पैकी किती, उलटी झाली का, कोणती गोळी आणि किती, पाळी चालू होती का, रोजी बुडाली का. दुखलं नाही त्या दिवशीही तारीख टाकून 'नाही' लिहायचं. मोकळी जागा सोडली तर डॉक्टरला कळत नाही की दुखलं नाही की लिहिलंच नाही. ताईला लिहायचा कंटाळा असेल तर घरातल्या शाळेतल्या मुलाला काम द्या. उपासाचे दिवस, उन्हात गेलेले दिवस, रात्रीचं जागरण याची खूण करा. सकाळी काही न खाता वावरात जाणं हे आपल्याकडचं मोठं कारण आहे. भाकरीचा तुकडा खाऊन, पाणी पिऊनच निघायचं.

तीन महिने झाले की 'मिडास'चे (मायग्रेनने किती दिवस वाया गेले ते मोजायच्या प्रश्नावलीचे) आकडे त्यातूनच निघतात: रोजी किती दिवस बुडाली, किती दिवस अर्धंच काम झालं, घरातलं काम किती दिवस राहिलं आणि किती दिवस अर्धंच झालं, लग्नकार्य-सणवार किती दिवस चुकले. बेरीज २१ किंवा जास्त झाली की ती सगळ्यात वरची पायरी. डॉक्टरांना हा आकडा कार्डावर लिहायला सांगा. प्रमाणपत्र मिळालं नाही तरी औषध वाढवायचं की बदलायचं, हे याच्यावर ठरते.

पुढच्या खेपा वाचवायच्या असतील तर गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना 'ई-संजीवनी' लावून द्यायला सांगा. व्हिडिओवर डॉक्टर दिसतात, चिठ्ठी तिथंच निघते. एकदा मात्र न्यूरॉलॉजिस्टला प्रत्यक्ष दाखवा. नागपूरचं सुपर स्पेशालिटी किंवा सेवाग्राम, जे सोयीचं पडेल ते. जाताना सीटीची फिल्म, जुनी कार्डं आणि रिकामी गोळ्यांची पाकिटं न्या. पाकीट पाहिलं की कोणतं मिश्रण ते लगेच कळते, नुसतं 'पांढरी गोळी' सांगून काही होत नाही.

सेतूवाला

खर्चाचं: १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात, केसपेपर आणि तपासणी मोफत आहे. मेडिकल कॉलेज वेगळ्या खात्याकडे येते, तिथं तो नियम धरू नका. महात्मा फुले योजनेचा उपयोग भरती झाल्यावर, ठरलेल्या उपचारांना होतो. रोजच्या ओपीडीच्या गोळ्या त्यातून मिळत नाहीत.

भाऊजींच्या जिनिंगमध्ये ईएसआय (कामगार विम्याचा हप्ता) कापतात का ते पगाराच्या चिठ्ठीवर पाहा. कापत असतील तर ताईला कुटुंब म्हणून त्यांच्या दवाखान्यात उपचार मिळतात. आजारपणाची भरपाई (रोजच्या मजुरीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत) मात्र ज्याच्या नावाने हप्ता जातो त्यालाच. ती ताईला मिळणार नाही.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरी मायग्रेनची बाई विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता असेल, तर तिने दिव्यांगच्या वाटेला जाऊच नये. संजय गांधीमध्ये तो स्वतंत्र गट आहे, बोर्डाचा कागद लागत नाही. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नीही त्यातच येते. कुटुंबाचं उत्पन्न मात्र २१,००० च्या आत दाखवावं लागते. तहसीलच्या संगांयो (संजय गांधी योजना) शाखेत अर्ज, सोबत तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, १५ वर्षं राज्यात राहत असल्याचा रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, पतीचा मृत्यू दाखला किंवा कोर्टाचा कागद, आधार, पासबुक. पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. 'खात्याला आधार आहे' एवढ्याने भागत नाही, बँकेत विचारायचं की 'डीबीटीसाठी आधार याच खात्याला मॅप आहे का'. दोन बँकांत खाती असली की पैसे भलत्याच खात्यात जातात आणि बाई महिनोन्महिने तहसीलच्या पायऱ्या झिजवते. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला चुकवू नका.

ताईसाठी मी सांगेन, लाडकी बहीण चालू ठेवा आणि केवायसी वेळेवर करा. सध्या तिच्या हातात तेच पक्के पैसे आहेत.

वावरकर

विचारलं. डोळ्यांपुढे नागमोडी चमकते म्हणते, दुखण्याच्या अर्धा तास आधी. गोळी आजच बंद करू का?

न्यूरो ओपीडी

माला-एन पुढे चालू ठेवू नका. उद्याच उपकेंद्रात सिस्टरला 'डोळ्यांपुढे चमकून मग डोकं दुखते' हे याच शब्दांत सांगा आणि छाया किंवा तांबी यातलं काय ते ठरवा. तोपर्यंत निरोध वापरा. डोकेदुखीची मिश्र गोळी मात्र डॉक्टरशी बोलून, तारीख ठरवून बंद करा. त्याच दिवसापासून वही सुरू करा.